बावीस वजनदार माणसं आणि एक पूल

३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पुलाचा अहवाल नगरपालिकेच्या पत्त्यावर वेगळा पाठवला आहे. तो इंजिनिअरने नगराध्यक्षांना लिहिला आहे. हे पत्र मुलीने वडिलांना. दोन्हींत मजकूर एकच आहे : नदीवरचा पादचारी पूल ताबडतोब बंद करावा.

मागच्या महिन्यात घरी आले तेव्हा 'जाता जाता पूलही बघून ठेव' असं तुम्हीच म्हणालात. मी दोन दिवस बघितला. पूर्वेकडच्या टोकाला तुळई जिथे खांबावर टेकते, तिथली दहा मिलिमीटरची पट्टी गंजून चार मिलिमीटर उरली आहे. बाकी पूल ठणठणीत आहे. पण पूल ठणठणीत भागातून पडत नाही.

तीस तारखेला निवडणूक आहे, हे मला माहीत आहे. पहिल्या खेपेला निवडून आल्यावर तुम्ही हा पूल बांधलात, शाळेतल्या मुलांचा पाऊण तासाचा वळसा सात मिनिटांवर आला, आणि तुम्हाला मतं त्या सात मिनिटांसाठी पडतात, हेही माहीत आहे. गंजाला माहीत नाही.

आत्यासाठी गुडघ्याचा पट्टा पाठवला आहे. लोभ आहेच; तो वाढावा म्हणून अहवाल बदलता येणार नाही.

तुमची,
मुलगी

९ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा अहवाल वाचून गप्प बसेन तो मी कसला! रविवारी सकाळी आठ वाजता पुलाची जाहीर परीक्षाच घेतली. गावातली बावीस वजनदार माणसं बोलावली. बेकरीवाला, कुस्तीचे मास्तर, बँकेतले जुळे भाऊ, तुझ्या गणिताच्या बाई (त्या आपणहून आल्या, मी बोलावलं नव्हतं, हे नीट लक्षात ठेव). एकेकाला भंगारवाल्याच्या काट्यावर चढवलं. एकूण एक हजार नऊशे ऐंशी किलो! सगळ्यांना बरोबर मध्यभागी दहा मिनिटं उभं केलं. पूल हूं की चूं करेना. सलूनवाला तर म्हणाला, गणिताच्या बाई वर असताना पडायची पुलाची काय बिशाद!

तर बाळा, एवढं कर. 'ताबडतोब'च्या जागी 'महिनाभरात' लिही. एकच शब्द. माझ्याविरुद्ध केमिस्ट उभा आहे. पूल बंद झाला तर त्याला प्रचारही नको, दुकानात खोकल्याचं औषध विकत बसला तरी निवडून येईल. आणि शहाणे, बसथांबा पलीकडच्या काठावर आहे. पूल बंद केलास तर तू घरी येशील कशी?

आत्याने गुडघ्याचा पट्टा मनगटाला बांधलाय. म्हणते, काम तिथेच जास्त पडतं.

तुझा,
(अजून तरी) नगराध्यक्ष बाबा

१३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परीक्षेचा निकाल असा : रविवारी आठ ते आठ दहा या वेळेत पूल पडला नाही. याहून जास्त त्यातून काही सिद्ध होत नाही. मध्यभागी उभ्या माणसांचं वजन दोन्ही टोकांत वाटलं जातं. दुखऱ्या टोकावर निम्मंच आलं. शिवाय ती माणसं गप्प उभी होती. मुलं धावतात.

आत्याचा फोन आला होता. तुम्ही जे लिहिलं नाहीत ते तिने सांगितलं. ती दहा मिनिटं तुम्ही नावाड्याची होडी घेऊन पूर्वेकडच्या टोकाखाली थांबला होतात. नावाड्याने का म्हणून विचारलं, तर म्हणालात, पडलाच तर आधी माझ्यावर पडू दे. यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, तुमचा माझ्या अहवालावर विश्वास आहे. दोन, ते तुम्ही वर उभ्या असलेल्या बावीस जणांना सांगितलं नाहीत.

दुसरी गोष्ट लिहून झाल्यावर मी उठून पाणी प्यायले.

शिडी चढण्याआधी सगळ्यांत खालची पायरी तपासायची, हे मी सात वर्षांची असताना तुम्ही शिकवलंत. शब्द बदलणार नाही.

राग किती आहे ते मोजलेलं नाही. लोभ अजून जास्तच भरेल.

तुमची,
मुलगी

२० मार्च

चि. राणीस,
आत्याचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि तुझा बाप दोन दिवस जेवणावर रुसला. मी वाढलंच नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी उठला. ऑफिसातली स्वतःची खुर्ची डोक्यावर घेतली, थेट पुलाच्या तोंडाशी आडवी टाकली आणि बसला. गळ्यात पाटी : 'पूल बंद. शिव्या इथे द्याव्यात.'

लोकांनी मनसोक्त दिल्या. आम्हाला वर चढवलंस कशाला, म्हणून बेकरीवाल्याने तर आडवंतिडवं घेतलं. मग हा बावीसही घरी जाऊन माफी मागून आला. गणिताच्या बाईंनी तासभर उभं केलं.

आता म्हातारा नावाडी मुलांची ने-आण करतो. फेरीला हा सोबत असतो, दप्तरं मांडीवर घेऊन. केमिस्टची माणसं काठावरून 'नाटक, नाटक' ओरडायची. त्यांचा म्होरक्या आपला वेल्डर. परवा तो स्वतः पूर्वेकडच्या खांबावर चढला आणि पट्टीवर हातोडी घातली. हातोडी आरपार गेली. गडी खाली उतरला, घरून स्टूल आणलं आणि तुझ्या बापाशेजारी बसला.

मत मात्र केमिस्टलाच देणार म्हणतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पट्टेवाली आत्या

१ एप्रिल

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

आजची तारीख बघून थट्टा समजू नकोस. एकेचाळीस मतांनी पडलो. पूल मात्र अजून उभा आहे!

केमिस्ट ऑफिसात गेला तर बसायला खुर्चीच नाही. न्यायला इथे आला, बघितलं, आणि म्हणाला, राहू द्या, दुकानातली आणतो. माणूस वाईट नाही, फक्त निवडून आलाय. दुरुस्तीवर त्याने मलाच देखरेख करायला सांगितली. मी म्हटलं, इंजिनिअर सांगेल तसं करीन. तेव्हा आजपासून मी तुझ्या हाताखाली. सोमवारी काम सुरू. मी उभं कुठे राहायचं, तेवढं कळव.

तुझा,
बाबा (आता नुसताच)

४ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

उभं राहण्याची जागा : आपल्याकडचा काठ, पुलापासून वीस मीटर लांब, खुर्चीसकट. पुलाखाली नाही. वेल्डरकाकांच्या स्टुलालाही हेच लागू.

निवडणुकीबद्दल मला काय वाटतं ते पत्रात नीट मांडता येत नाही. म्हणून शनिवारी अकरा चाळीसच्या बसने येते. पिशवीसह माझं वजन एकसष्ट किलो आहे, नावाड्याला कळवावं.

पिशवी तुम्ही मांडीवर घेणार असाल, तर माझी हरकत नाही.

तुमची,
फूटपट्टी