तिसरा हात

प्रिय दादा,

आपल्या चर्चच्या मंडळीला चाळीस वर्षं झाली, म्हणून पाळकांनी मला तिचा इतिहास लिहायला बसवलंय. सुरुवात तुझ्या सुतारकामाच्या खोलीत, भुशावर सतरंजी टाकून झाली, हे लिहिलं. प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस ठेवायचं मेज तू केलंस, तेही लिहिलं. पुढे पेन अडलं.

तुझी लेक गेली, तू भर उपासनेत देवाला जाब विचारलास आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाने प्रभुभोजन बंद करून तुला त्याच मेजावरून उठवलं. मंडळातल्या पाचांपैकी तिघांनी हात वर केले. हे पत्र काही टपालात पडणार नाही, म्हणून सांगतो, तिसरा हात माझा होता.

आपण देवाला निवडत नाही, तोच आपल्याला आधी निवडतो, हे तूच शिकवलंस. इतकी वर्षं मी त्या शिकवणीआड लपलो, निवड त्याचीच म्हणत. पण दादा, तो हात देवाने वर केला नव्हता.

तुझा धाकटा