मागच्या ओटीवरचा पाट

कल्याण, माघ शुद्ध सप्तमी, शके १८०६

चि. सौ. द्वारकेस,

काल गोदूने मला चांगलेच खडसावले. धाकटी बहीण, पण बोलली थोरलीसारखी. "दादा, वहिनी इथे होती तेव्हा उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत पाण्याला शिवत नव्हती. अण्णा दिवसभर मागच्या ओटीवर जप करत बसतात. सासऱ्यांच्या समोरून तांब्या घेऊन परसाकडे जायचं तरी कसं?"

वैद्यबुवांनी मुतखडा सांगितला, तेव्हा "पाणी किती पिता?" असे त्यांनी दाराआडच्या तुला विचारले होते, आणि उत्तर मी दिले होते, "भरपूर." तू कण्हत होतीस, तरी मला खोटे पाडले नाहीस. गोखरूचा काढा झाला, कुळथाचे कढण झाले. शेवटी कळ सोसवेना, म्हणून तुला ठाण्याला माहेरी धाडले.

आज कचेरीत जाण्यापूर्वी मी अण्णांना म्हणालो, "मागे गारठा फार. तुम्ही पुढच्या ओटीवर उन्हाला बसा." खरे तर ऊन मागेच येते. त्यांनी परसाकडच्या वाटेकडे पाहिले. मग स्वतःच पाट उचलला आणि दारात थांबून म्हणाले, "आधी सांगायचं होतंस रे. पोर उगाच तहानेली राहिली."

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुला अक्षरे लागत नाहीत, आणि तुझे वडील ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतील. रविवारी मीच न्यायला येतो. वैद्यबुवांकडे पुन्हा जाऊ. या खेपेस त्यांना तूच सांग, मी गप्प बसेन.

तुझ्याऐवजी उत्तर देणारा,
वामन