अंगठीत न मावलेले शब्द

मी, डोरकस पेनफोल्ड, वय बासष्ट, सोनार गिल्बर्ट पेनफोल्ड यांची विधवा, राहणार कॉव्हेंट्री, धंदा अंगठ्यांच्या आतल्या बाजूला कवितेच्या ओळी कोरणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डावा डोळा अर्धा गेला आहे, डोकं मात्र जागेवर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भाव करून बघावा. आत्मा देवाचा, तो त्याला परत. देह चर्चच्या आवारात पुरावा, पण उत्तरेच्या भिंतीपाशी नको, तिथं ओल असते. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

कलम पहिले. राहतं घर, खालचं दुकान, मागची विहीर, तांब्याची भांडी, माझा पलंग आणि त्यावरची लोकरीची रजई हे सर्व माझी धाकटी बहीण थॉमसिन हिला. आता त्रेपन्न वर्षांची आहे. तिने लग्न केलं नाही, जन्म या घरात काढला, मी कोरलेली प्रत्येक अंगठी तिनेच घासून चकचकीत केली. रजईला कसर लागते, उन्हाळ्यात दोनदा ऊन दाखवावं. हे तिला मी सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कलम दुसरे. साठवलेली पुंजी निम्मी थॉमसिनला. निम्मी आमच्या गल्लीतल्या विधवांना, हिवाळ्यात कोळशासाठी. त्यांना कोळसाच द्यावा. रोख दिले तर त्यांचे लेक बिअर पितील.

कलम तिसरे. कोरायच्या सळया, भिंग आणि लाकडी शिकंजा हंफ्री स्टोक्स याला. सात वर्षं माझ्याकडे शिकला, आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. हात चांगला, जीभ वाईट. अट एकच. ओळ अंगठीत मावत नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं, आपल्या मनाने शब्द गाळायचा नाही. ही अट मी का घालते ते पाचव्या कलमात येईल.

कलम चौथे. समोरच्या उर्सुला ग्रीनवे यांना पितळेचं एक भांडं, जे रात्री पलंगाखाली ठेवतात ते. गेली वीस वर्षं ही बाई बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगते की थोर कवी लँबर्ट हॉले तिच्या घरी राहत होता. साफ खोटं. तो माझ्या माळ्यावर राहत होता, दोन हिवाळे, आणि हे भांडं त्याचंच. कवीचं काहीतरी आपल्या घरी असावं अशी तिची फार इच्छा आहे, ती मी पुरी करते.

आता या लँबर्टबद्दल दोन शब्द, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तो गेल्यावर त्याचं सगळं लिखाण एका जाड पुस्तकात छापलं, आणि आता जो उठतो तो प्रेमावर, नशिबावर, माणसाच्या स्वभावावर त्याचीच वाक्यं फेकतो. आमच्याकडे आला तेव्हा त्याचे बूट फाटलेले होते. भाडं द्यायला जमत नव्हतं, म्हणून तो अंगठ्यांसाठी ओळी लिहून द्यायचा. नवरामुलगा यायचा, नाव सांगायचा, लँबर्ट सूप पिता पिता ओळ करायचा, मी कोरायची. एकदा मी विचारलं, "एवढं प्रेमावर लिहितोस, कुणावर केलंयस का कधी?"

"वेळ कुठाय, बाई? दिवसाला सहा अंगठ्या!"

पण माणसं बघायचा मात्र बारीक. खोटं बोलणाऱ्याकडे तर असा बघायचा की बोलणाऱ्याचं सूप थंड व्हावं.

कलम पाचवे. एक सोन्याची अंगठी, अरुंद, जी मुळात थॉमसिनचीच आहे. तिच्या बटणांच्या डबीत होती, मी न विचारता काढली. हिची हकीकत अशी.

एकतीस वर्षांपूर्वी जेरेमी ओल्डेकर नावाचा पिंपं बनवणारा थॉमसिनच्या मागे होता, आणि ती त्याच्या. त्याला जहाजावर काम मिळालं, दोन वर्षांसाठी. जाण्याआधी तो दुकानात आला, कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "तिच्यासाठी काहीतरी चांगलं लिहा." लँबर्टने लिहिलं, "नशिबाने आणलं तर येईन, नाही आणलं तरी येईन." जेरेमीला वाचता येत नाही. त्याने ती ओळ दोनदा म्हणून घेतली आणि शिट्टी वाजवत गेला.

मी पहिली अर्धी ओळ कोरली आणि थांबले.

थॉमसिनला अंगठीत एवढंच वाचायला मिळालं: नशिबाने आणलं तर येईन. तिला वाटलं, हा असाच, आला तर आला. दोन वर्षांनी तो खरंच आला, दारात उभा राहिला. ती म्हणाली, "नशिबाने आणलं ना तुम्हाला? मग त्याच्याच घरी उतरा!" तो बिचारा, ही कशाला काय म्हणतेय ते न कळून निघून गेला. पुढे नदीपलीकडे दुकान टाकलं, लग्न केलं, बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. तो आणि थॉमसिन बाजारात एकमेकांना ओलांडून जातात, टोपीसुद्धा हलत नाही.

मी स्वतःला सांगत आले की जागा नव्हती, अंगठी अरुंद होती. लँबर्टलाही तेच सांगितलं. त्याने भिंग लावून अंगठी बघितली, मग मला बघितलं. "जागा आहे, बाई," म्हणाला. बस्स, एवढंच. दुसऱ्या महिन्यात तो लंडनला गेला, आणि त्याच्या पहिल्याच गाजलेल्या नाटकात एक बहीण होती, जी बहिणीचं पत्र अर्धं फाडून देते. त्यातलंच ते वाक्य: ज्याला आपण नशीब म्हणतो, ते बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत बसलेलं असतं. लोक म्हणतात, काय ही माणसाच्या स्वभावाची जाण! जाण कसली, त्याने मला बघितलं होतं.

थॉमसिनने ते वाक्य निळ्या धाग्याने कापडावर भरून चुलीच्या वर टांगलं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवते आणि म्हणते, "किती खरं, नाही?" मी तेव्हा शेजारच्या खोलीतच असते.

का केलं? नवरा नुकताच गेला होता, मूल नव्हतं. ती गेली असती तर या घरात मी एकटी उरले असते. भीती वाटली, दुसरं काही नाही. तो मला नकोसा नव्हता, वाईटही नव्हता. तिच्याकडे बघून रोज सांगावंसं वाटतं, आणि रोज मी पुढची अंगठी हातात घेते.

आज मी उरलेले शब्द कोरले. कोरून झाल्यावरही गव्हाच्या दाण्याएवढी जागा शिल्लक राहिली. ही अंगठी आणि हे कलम माझ्या दफनानंतर तिसऱ्या दिवशी पाद्री निकोलस ट्विग यांनी थॉमसिनच्या हाती द्यावं.

सोमवार, ७ ऑगस्ट १६३७.

पुरवणी. वरच्या पाचव्या कलमातलं शेवटचं वाक्य मी रद्द करते. पाद्रीबुवांना कागद वाचायला दिला तेव्हा ते चष्मा काढून म्हणाले, "डोरकसबाई, तिसऱ्या दिवशी तुम्ही सुटाल. ती कशी सुटणार?" मला त्यांचा फार राग आला. संध्याकाळी मी अंगठी थॉमसिनच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं.

तिने ती खिडकीशी नेऊन वाचली. मग माझ्याकडे वळली. "मेल्यावर सांगणार होतीस, ताई? आणि मी भांडायचं कुणाशी? दगडाशी?"

चुलीवरचं ते कापड तिने काढून माझ्या मांडीवर टाकलं. अकरा दिवस आमचं बोलणं नव्हतं. ताट वाढायची, समोरून उठून जायची. बाराव्या दिवशी चांगली टोपी घालून नदीपलीकडे गेली आणि अंधार पडायच्या आत परत आली. कुठे गेलीस, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आज ती जेरेमीला घेऊन आली; अंगठीचं तिने त्याला अजून काही सांगितलं नव्हतं. साक्षीसाठी जेरेमी नको, असं मी म्हणत होते, पण तिने ऐकलं नाही. त्याला वाचता येत नाही म्हणून तिने हा सगळा कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवला, पाचव्या कलमासकट. मी चुलीकडे तोंड करून बसले होते. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मग म्हणाला, "ती अख्खी ओळ मला पाठ होती. अजून आहे. त्या दिवशी दारात म्हणून दाखवली असती, पण म्हटलं, हिने तर वाचलीच असणार."

थॉमसिन त्याला म्हणाली, "मग म्हणायची ना, मूर्खा!" आणि रडायला लागली. तिला रडताना मी एकतीस वर्षांत बघितलं नव्हतं.

पाद्रीबुवांचं म्हणणं, जिला मालमत्ता मिळते तिच्या नवऱ्याची साक्ष चालत नाही. चर्चमध्ये लग्नाची तिसरी आणि शेवटची घोषणा येत्या रविवारी आहे, लग्न सोमवारी, म्हणून जेरेमीने आजच खूण करावी असं ठरलं. थॉमसिन नदीपलीकडे राहायला जाईल. घर तरीही तिचंच राहील, त्यात फरक नाही. मी एकटी उरेन. ज्याची भीती होती ते शेवटी झालंच, आणि माझ्याच हाताने झालं.

सगळं ठरल्यावर मी तिला विचारलं, "माफ केलंस का गं?"

"नाही," ती म्हणाली. "आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रजई उन्हात घालायला मी येणार आहे, तू त्या गुडघ्यांनी उचलू नकोस."

हे मी ऐकलं तसं लिहिलं आहे, त्यात एकही शब्द गाळलेला नाही.

सही: डोरकस पेनफोल्ड

साक्षीदार: निकोलस ट्विग, पाद्री, सही

साक्षीदार: जेरेमी ओल्डेकर, पिंपं बनवणारा, त्याची खूण: एक पिंप, दोन कड्यांचं

ठिकाण कॉव्हेंट्री, गुरुवार, १४ सप्टेंबर १६३७