वॉशरची गोळी

प्रिय कुलदीप,

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. डाव्या हातानं लिहितोय, आणि या हाताची शाळा चाळिशीनंतर सुरू झालीय. फोनच केला असता, पण माझा नंबर तू उचलत नाहीस, हे चारदा लावून कळलं. म्हणून हे पत्र कँटीनच्या बुद्धरत्नकडे देतोय. फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड, कारण यात माझं कमी आणि वॉशरचं जास्त आहे. वॉशर आजारी आहे, आणि हा आठवडा निभला तरच वाचेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

आपल्या प्रेसशॉपमधली वॉशर. डोळ्याभोवती पांढरं कडं बघून हे नाव तूच ठेवलं होतंस, आणि आपल्या डब्यातलं सुकट आपण दोघांनी तिला आठ वर्षं खाऊ घातलं. मला कामावरून काढलं आणि महिन्याभरात तीही साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागली. तपासणीला बाहेरचे पाहुणे येणार, तर मांजर पोत्यात घालून इंद्रायणीपलीकडे सोडून या, असा हुकूम निघाला. बुद्धरत्ननं नदी ओलांडली खरी, पण पोतं थेट माझ्या मोशीच्या खोलीवर आणलं. म्हणाला, जयसिंगभाऊ, हिलाही काढलं. लई दिवसांनी हसलो, राव.

कारखान्यात मांजर पाळणं आणि घरात पाळणं यात किती फरक आहे ते मला कुठं ठाऊक! पोत्यातून सुटली ती कॉटखाली शिरली आणि तीन दिवस बाहेर आली नाही. मी मूर्खासारखा झाडूनं ढोसत होतो. मग गप बसलो, वाटी जवळ ठेवली आणि तोंड फिरवलं, तेव्हा आली. दूध पाजलं तर पोट बिघडलं. मांजराला दूध, हे आपल्याला पाळण्यात शिकवतात आणि ते चूक निघतं. तिला साधं पाणी लागतं, तेही खाण्याच्या वाटीपासून लांब. शी-शूसाठी घमेल्यात सुताराकडचा भुसा भरला, तर महाराणी त्यात अंग मुडपून झोपली. मग आठवलं, प्रेसच्या मागं तेल टिपायला टाकायचो त्या भुशातच तिचं अंथरूण असायचं. भुसा काढून वाळू भरली, तेव्हा कुठं जमलं. खिडकीला जाळी मारली. अजून दुपारी अडीचला, सेकंड शिफ्टच्या भोंग्याच्या वेळेला, ती उठून दाराशी बसते. मीही तेव्हा दाराकडंच बघत असतो, तिला काय बोलणार.

आता माझी चूक ऐक. तिच्या पाठीवर, पोटावर ग्रीसचा काळा थर होता. आपण वीस वर्षं हात कशानं धुतले? डिझेलमध्ये चिंधी बुडवायची, खसाखसा पुसायचं, वर साबण. मी तेच केलं. डाव्या हातानं का होईना, आंघोळ घातल्यासारखी पुसून काढली आणि वर स्वतःवरच खूश झालो. मांजर अंग चाटतं, हे आठ वर्षं डोळ्यांनी बघून डोक्यात आलं नाही. संध्याकाळपर्यंत लाळ गळायला लागली, ओकली, छाती भात्यासारखी वरखाली. रिक्षा करून चिंचवडला साबियाबाईंकडे नेलं. त्या जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी मला असं झाडलं की विचारू नकोस. भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी पुरलं असतं म्हणे, आणि हाताला चालतं ते जिभेला चालतं का? मान खाली घालून ऐकलं. ती शिवी माझ्या कमाईची होती, म्हणून ऐकली. जी माझी नव्हती ती चौकशीत ऐकली, तीही तुझ्या तोंडून.

ते आलंच बघ. म्हटलं होतं काढायचं नाही. होळीनंतरचा शनिवार होता. गाडी भरून जायची होती आणि प्रेस सारखा थांबत होता. हात आत असला की प्रेस अडवणारा सेन्सर तू बंद केलास. माझ्यादेखत केलास, आणि म्हणालास, भावा, आजचा माल जाऊ दे, गुरुवारी सुट्टीत नीट करून घेऊ. मी तुझ्या शब्दावर हात आत घातला. चार बोटं गेली. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोललो नव्हतो, आठव. हॉस्पिटलात तू रडलास तेव्हा मीच तुला म्हणालो की होतं असं. पण चौकशीत टेबलापलीकडं बसून, माझ्याकडं न बघता, तू सांगितलंस की सेन्सर जयसिंगनंच बंद केला, त्याला ही जुनी खोड आहे. केसानं गळा कापलास रे. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं तू बोललास, आणि दोन महिन्यांत लाइन इन्चार्ज झालास. पगार थांबल्यावर विजयश्री पोरांना घेऊन गावी गेली. धाराशिवला तिला जो भेटतो तो विचारतो, तुझ्या नवऱ्यानं असा आगाऊपणा केलाच कसा? बोटांचं दुखणं कमी झालं. याचं होत नाही.

असो. वॉशरच्या छातीत डिझेल उतरलंय. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ गोळी, एक वेळही चुकवायची नाही. कुटून सुकटात घातली, तर वास घेऊन तिनं सुकटच सोडलं, आणि मांजर दिवसभर उपाशी राहणं म्हणजे दुसरंच संकट, असं बाई म्हणतात. तीन दिवस पेटीत घालून इंजेक्शनला नेलं. बसच्या गर्दीत तिला धाप लागली, चौथ्या दिवशी बाईच म्हणाल्या की असं आणू नका, वाटेतच जाईल. शेजारच्या सुभद्राबाईंनी गोळी द्यायचा प्रयत्न केला, त्यांच्या अंगठ्याला चावली. आता त्या माझ्या दारावरून जातानासुद्धा पदर सावरून जातात. काल आणि आज मिळून चार गोळ्या चुकल्या.

मी स्वतः करून पाहिलं. डाव्या हातानं मान धरली तर तोंड कोण उघडणार? उजव्या पंजाचा उरलेला अंगठा तिच्या जबड्यावर ठेवला, तर तिनं मुंडी सोडवली आणि गोळी कॉटखाली गेली. भिंतीला टेकून बसलो आणि मोठ्यानं रडलो. हात गेला तेव्हाही असा रडलो नव्हतो. तेव्हा एक गोष्ट आठवली. मागं तिच्या टाळूत पत्र्याची कपची अडकली होती, सगळे लांब पळाले होते, आणि तू तिला गुडघ्यात धरून, एका हातानं जबडा उघडून, दुसऱ्या हातानं ती कपची अलगद काढली होतीस. तिनं तुला नखही लावलं नव्हतं. तुझ्या घरी म्हशी होत्या, तुला हे येतं.

तर हे पत्र त्यासाठी आहे, कुलदीप. गोळी द्यायला दोन धड हात लागतात आणि या अख्ख्या मोशीत तिला चालतील असे दोन हात फक्त तुझे आहेत. दुसरे असते तर देवाशपथ तुला लिहिलं नसतं. कंपनीची बस सकाळी तू आमच्याच चौकातून पकडतोस, दहा मिनिटं आधी ये. सुटताना एकदा ये. मला काढलं त्या केसमध्ये सोमवारी लेबर कोर्टात तुझी साक्ष आहे, मला माहीत आहे. तिथं जे बोलायचं ते बोल, त्याचा या गोळीशी संबंध नाही, मी तो लावणार नाही. दार उघडं असेल. मी बोलणार नाही, तू माझ्याकडं बघू नकोस, तशी तुला सवय आहेच. तिला मी धरतो, तेवढा हात माझा शिल्लक आहे. तू फक्त गोळी घाल आणि जा.

तुझाच,
(सवयीनं लिहिलं गेलं. खोडायला गेलो तर कागद फाटतोय, म्हणून राहू देतो.)
जयसिंग