अकरा पापड

राजापेठ, अमरावती
बुधवार, ८ एप्रिल २०२६
दुपारचे सव्वातीन

प्रिय साधनाताई,

आताच उडदाच्या लाट्या मोजून ओल्या फडक्याखाली झाकल्या आणि लिहायला बसलो. लाटणाऱ्या चौदाही बायका जेवायला गेल्या आहेत. चारला येतील, तोवर हे पुरं व्हायला हवं. नववीतून शाळा सुटली तरी शुद्धलेखन मी सोडलं नाही. आज दोन कागद फाडले, पण ते चुकांमुळे नव्हे.

रविवारी वर्षालीचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, गल्लीत समद्यायचे पापड चालू हायेत, पन आई कुठंच जात नाही. पोळपाट-लाटणंबी रुख्मिणीकाकूले देऊन टाकलं. म्हणते, माह्या हाताचं पातळ राह्यलं नाही." जी दुसरीकडे लाटायला जात नाही, तिच्याकडेही कोणी येत नाही. म्हणजे यंदा तुझ्या अंगणात पापडांची खाट पडणार नाही. तू पापडाखाली पेपर धरायचीस आणि मला बातमी वाचायला लावायचीस. मी अडखळलो की पापड जाड म्हणून पुन्हा लाटायचीस. वाचायला मी तिथंच शिकलो, ताई.

सूर्यभानकाकांनी आपल्या शेताचा धुरा लाटला, असं बाबा म्हणायचे, तेव्हा मी तुला विचारलं होतं, एवढा मोठा धुरा लाटायला लाटणं केवढं लागलं असेल? हसता हसता तुला ठसका लागला होता. रविवारपासून ते लाटणं मला दिसतं आहे.

गेल्या चैत्रात तू मला डब्यात अकरा पापड दिलेस. इथल्या पापड कारखान्याच्या मालकीण बेबीताईंना लाटायला शिकवणारी बाई हवी होती, आणि मी त्यांच्याकडे सायकलवर माल पोचवत होतो. काम मिळालं तर वर्षालीला इथल्या क्लासला घालायचं, असं तू ठरवलं होतंस. त्यांना पापड जाड वाटले, असं मी तुला येऊन सांगितलं. ते खोटं होतं. बेबीताईंनी दहा तळले, अकरावा खिडकीशी धरला आणि विचारलं, "काहून रे पोट्ट्या, हे कोनं लाटले?" तुझं नाव जिभेवर होतं. मी म्हणालो, "मी." त्या हसल्या, "मानसाचा हात अन् एवढा पातळ!" दुसऱ्या दिवसापासून सायकल गेली आणि पंख्याखालची खुर्ची आली. वर्षभर मी बायकांना तुझी पेपरची परीक्षा शिकवतो आहे. स्वतः एकदाही पोळपाटाला बसलो नाही. कधी मनगट दुखतं म्हणतो, कधी हिशेब आहे म्हणतो.

आज अकरा वाजता सगळ्या बायकांसमोर मी बेबीताईंना खरं सांगितलं. एका बाईच्या हातातली लाटी खाली पडली. बेबीताईंनी ती उचलून पोळपाटावर ठेवली. मग म्हणाल्या, "तुह्यं काय करायचं ते मंग पाहू. आधी तिले आन. मागची खोली रिकामी हाय." तू यावंस असं मला वाटतं, पण माझ्या सांगण्यावरून येऊ नकोस. उद्या इथला शिवम माल घेऊन अकोल्याला येतो आहे, त्याच्याबरोबर तुझाच डबा पाठवतो. त्यात अकरावा पापड आहे. वर्षभर तो इथे नमुना म्हणून ठेवला होता, म्हणून अखंड राहिला. माझ्या सहीखाली एक ओळ अगदी बारीक अक्षरात लिहिली आहे. तिच्यावर हा पापड ठेव आणि वरून वाच.

तुझाच,
अंकुर

हे अकरा पापड साधनाताईनं लाटले आहेत.