भुक्या आणि बानोत यांच्यामधली वाट

मी, बानोतु सुजाता, वय चोवीस, राहणार जामुनतांडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कुणी धाक दाखवून लिहवून घेतलेलं नाही. धाक आहे तो मी सोमवारच्या वॉर्डांच्या सुनावणीला जाऊ नये यासाठी. दोनदा एक जीप माझ्या सायकलीला घासून गेली. मी मेले तर कुणी अपघात म्हणून सोडून देऊ नये आणि पुराव्याशिवाय खूनही म्हणू नये. चौकशी मागावी.

घर याडीच्या, म्हणजे आईच्या नावावर आहे. त्यात माझं काही नाही. शिलाईयंत्र बचतगटाचं, ते परत करावं. बँकेतली शिल्लक याडीला. आरशांची काचळी, म्हणजे चोळी, आणि पुस्तकं चुलतबहीण मंगलीला. काचळी जपून ठेवू नये, घालावी.

सरपंचांचा भाऊ नरसय्या मला म्हणाला होता, "चार बुकं शिकली आणि नकाशे काढायला निघाली." त्याला माझ्या तिरडीला हात लावू देऊ नये. दारी आलाच तर चहा द्यावा.

आता मुख्य गोष्ट. तांडा एकच आहे. मधल्या वाटेच्या एका बाजूला बानोत कुळीची घरं, दुसऱ्या बाजूला भुक्या कुळीची. सोयरीक वाट ओलांडूनच होते. गेल्या निवडणुकीआधी वॉर्ड पाडायला साहेब आले तेव्हा त्यांनी तांड्याच्या नायकांना, माझ्या मामांना, विचारलं, "तुझी माणसं कुठपर्यंत?" मामांनी मोठ्या अभिमानानं ती वाट दाखवली. "इथवर आम्ही भुक्या. पलीकडे सोयरे." साहेबांनी तिथेच रेघ मारली.

भुक्या एका शेजारच्या वस्तीच्या, वेंकटापूरच्या वॉर्डात गेले, बानोत दुसऱ्या वस्तीच्या, रामन्नगुड्याच्या. दोन्हीकडे आम्ही मूठभर. दोन्हीकडे आमचा उमेदवार पडला. पंचायतीत बोलणारं कुणी नाही, म्हणून नळ तांड्याबाहेरच थांबला. बानोतांचं मतदान केंद्र बाया ज्यांच्या शेतात राबतात त्यांच्या ओसरीसमोर. निम्म्या बाया गेल्याच नाहीत.

मी म्हटलं, "मामा, तांडा एकच आहे एवढं साहेबांना सांगा."

"म्हणजे नायकाला आपला तांडा दाखवता येत नाही, असं कचेरीत सांगू?"

"हो."

"त्यापेक्षा तूच मर की."

बोलून गेले आणि स्वतःच हसले. याडी मात्र रडायला लागली.

येत्या निवडणुकीसाठी वॉर्ड पुन्हा ठरतायत; त्या रेघेविरुद्धच्या हरकतीवर सही माझ्या एकटीची आहे. मांडायला कुणी उभं राहिलं नाही तर तीच रेघ कायम होईल. म्हणून मी आधी गेले तर सुतक न धरता ~~मंगलीनं~~ भुक्या हामला नायकांनी जावं. मतदानाआधी गेले तरी बायांनी मत द्यायला जावं. रडायचं असेल तर रांगेत रडावं.

वरची खाडाखोड माझ्याच हातची आहे. वाचून दाखवल्यावर मामांनी मंगलीचं नाव काढायला लावलं आणि स्वतःचं घालायला लावलं. मी म्हटलं, "पण हे मी मेल्यावरचं आहे, मामा." म्हणाले, "जिवंत असलीस तर बाजूला बस. बोलणार मी." हेही लिही म्हणाले, म्हणून लिहिलं.

साक्षीदार:
गुगलोतु पद्मा, अंगणवाडी सेविका (सही)
भुक्या हामला, नायक (डाव्या हाताचा अंगठा)

बानोतु सुजाता (सही)
जामुनतांडा, ९ नोव्हेंबर २०२४