रिकाम्या पोत्यांच्या खाली

मंगळवार, संध्याकाळ. नेवासा

आज ऑफिसात झालं ते काही केल्या डोक्यातून जात नाही. कंपनीच्या बँकखात्यात सरकारी रक्कम जमा झालेली दिसली. आम्ही पशुखाद्य विकतो, पण सरकारला तर एक पोतंही दिलेलं नाही. म्हणून साहेबांना विचारलं, नोंद कशाखाली करू? म्हणाले, "आपल्या गिऱ्हाइकांची यादी दिली ना त्यांना, त्याचे आलेत. टाक किरकोळ उत्पन्नात."

किरकोळ! रिकामी पोती विकली की ते पैसे मी तिथंच टाकते.

ती यादी मी केलीय. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात शेण तुडवत फिरून. नाव, मोबाईल, दावणीला जनावरं किती. साहेबच म्हणाले होते, लसीची तारीख कळवायला हवंय, माहिती बाहेर जाणार नाही. मी तेच लोकांना सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आणि मी? मी कुणावर ठेवला?

तरी नोंद केलीच. रिकाम्या पोत्यांच्या बरोबर खाली.

घरी पोचते तोच सखूमावशीचा फोन. "अगं, सरकारी मानसाचा फोन आल्ता. दोन म्हशी असून पिवळं रेशनकार्ड कसं, म्हनतोय. माज्या म्हशींचं त्याला कुनी सांगितलं गं?"

"काय माहीत, मावशी," म्हणाले.

त्या यादीसाठी तिचा फॉर्म मीच भरला होता. अंगठा तेवढा तिचा.